एकाच बाजूचं नाक
वाचकांचे प्रश्न, नाक-कान-घसा तज्ज्ञांची उत्तरे

मागच्या अंकात नाकातल्या मांसवाढीबद्दल लिहिताना एक वाक्य मी जाता जाता टाकलं होतं: मांस एकाच बाजूला वाढलेलं असेल, तर त्याचा तुकडा तपासल्याशिवाय डॉक्टरांना सोडू नका. कारण असं मांस क्वचित नाकाचा किंवा सायनसचा कॅन्सरही असू शकतं. बाकी लेख राहिला बाजूला, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर आली. काही घाबरून लिहिलेली, काही सरळ भांडायला. त्यातली काही इथे घेते. पत्रं थोडी कापली आहेत, नावं गाळली आहेत.

कुडाळहून एक सुतार, वय 58

"मिसरूड फुटायच्या आधीपासून रंधा मारतोय. गेले कित्येक महिने डाव्या नाकपुडीतून वारा येत नाही, शिंकरलं की रुमालाला लालसर पाणी लागतं. सायनस म्हणून गोळ्या झाल्या, वाफ झाली. मग डावीकडच्या वरच्या दाढा हलायला लागल्या म्हणून दोन काढून टाकल्या. त्या जागची जखम भरत नाही, उलट तिथे मांस आल्यासारखं लागतं. गालाला मुंग्या येतात. मुलगा मिरजेला दाखवूया म्हणतो, मी म्हणतो गणपती होऊन जाऊ देत."

गणपतीसाठी थांबू नका. मिरजेलाच या असंही नाही. जिथे नाकाची दुर्बीण आणि सीटी स्कॅन आहे अशा जवळच्या कुठल्याही ठिकाणी जा, पण याच आठवड्यात जा.

तुमच्या पत्रात चार तक्रारी आहेत आणि चारही डाव्या बाजूच्या आहेत. डोळ्याच्या खाली, गालाच्या हाडाच्या आत एक पोकळी असते, तिलाच गालाचा सायनस म्हणतात. मोठ्या माणसात तिच्यात साधारण 15 मिलिलिटर पाणी मावेल. तिच्या वर डोळ्याची खोबण, खाली वरच्या दाढांची मुळं, आतल्या बाजूला नाक. ही पोकळी घरातल्या पोटमाळ्यासारखी आहे: वर काय साठलंय ते खाली ओल उतरेपर्यंत कोणाला कळत नाही. गाठ आत वाढत असते तेव्हा दुखत नाही, दिसत नाही. ती भिंत ओलांडते तेव्हाच तक्रार सुरू होते, आणि कुठली भिंत ओलांडली त्यावर माणूस कुठल्या डॉक्टरकडे जातो ते ठरतं. नाकाकडे आली तर नाक बंद आणि रक्ताचं पाणी. खाली उतरली तर दाढा हलतात, टाळूला फुगवटा येतो, कवळी वापरणाऱ्यांची कवळी एकाएकी बसेनाशी होते. हे लोक दातांच्या डॉक्टरकडे जातात. वर गेली तर डोळ्यातून सतत पाणी, डोळा पुढे आल्यासारखा, एकाचे दोन दिसणं. हे डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मागे गेली तर तोंड पूर्ण उघडत नाही. आणि पोकळीच्या छतातून एक नस जाते, जिच्यामुळे गाल, वरचा ओठ आणि नाकाची ती बाजू यांना स्पर्श कळतो. त्या नसेवर दाब आला की मुंग्या येतात, मग बधिरपणा.

साधा सायनसही गाल दुखवतो, दात ठणकवतो. पण साधा सायनस सहसा गाल बधीर करत नाही. तुमच्या पत्रातल्या त्या मुंग्यांपाशी मी थांबले.

तुम्हाला कॅन्सर आहेच असं मी पत्रावरून म्हणणार नाही. किडलेल्या दाढेतला पू वर सायनसमध्ये चढला तरी एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येतो. सायनसमध्ये बुरशीचा गोळाही बसतो. एका बाजूची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक लोक यांतलेच निघतात. पण ते बघून ठरवायचं असतं, आणि तुमच्या नाकात अजून कोणी बघितलेलं नाही, नुसत्या गोळ्याच झाल्या आहेत.

तपासणीला गेलात की काय होईल ते सांगते, म्हणजे भीती कमी होईल. मी स्वतः आधी एक थंड स्टीलची पट्टी नाकाखाली धरते. दोन्ही नाकपुड्या चालू असतील तर वाफेचे दोन ठसे उमटतात. मग कापसाच्या बोळ्याची टोकं काढून दोन्ही गालांना हलकेच लावते आणि तुम्हाला डोळे मिटायला सांगून विचारते, दोन्हीकडे सारखंच लागतंय का? बोटाने टाळू चाचपायचा, मानेतल्या गाठी बघायच्या. मग नाकात औषधाच्या पट्ट्या ठेवून जागा बधीर करायची आणि पेन्सिलीपेक्षा बारीक दुर्बीण घालायची. पाच-दहा मिनिटांचं काम.

संशय आला तर सीटी स्कॅन. नुसता सायनसचा एक्स-रे काढून घेऊ नका. त्यात साचलेला शेंबूड आणि गाठ दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. हाड कुठे खाल्लं गेलंय ते सीटीत दिसतं. एमआरआय त्याच्या पुढचं सांगतो: यातली गाठ किती, तिच्यामागे नुसतं अडकून साचलेलं पाणी किती, आणि डोळ्याच्या किंवा मेंदूच्या बाजूला काय चाललंय. त्यानंतर तुकडा. तुमच्या बाबतीत दाढेच्या खड्ड्यातलं मांस समोरच आहे, तिथून तुकडा घेणं सोपं जाईल. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आता धंद्याबद्दल. इंग्लंडमध्ये हाय विकम नावाचं गाव पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या बनवणारं. तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टर एस्थर हॅडफील्ड यांच्या लक्षात आलं की नाकाच्या आतला हा एरवी क्वचित दिसणारा कॅन्सर फर्निचरच्या कामगारांत वारंवार दिसतोय. ऑक्सफर्डचे रोनाल्ड मॅकबेथ आणि साथरोगतज्ज्ञ डोनाल्ड अ‍ॅचेसन यांच्याबरोबर त्यांचा अभ्यास 1968 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. पुढे नॉर्थअँप्टनशायरच्या बुटांच्या कारखान्यांत चामड्याच्या धुळीबद्दल तेच दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली लाकडाच्या धुळीला कॅन्सरचं नक्की कारण म्हणून यादीत घातलं. मात्र धुळीमुळे होणारी गाठ बहुतांशी दोन डोळ्यांच्या मधल्या सायनसमध्ये उगवते. तुमची तक्रार गालातली आहे, म्हणून सगळा दोष भुशावर टाकता येणार नाही. बिडी ओढत असाल तर तीही हिशेबात धरा.

मुलगा याच धंद्यात असेल तर त्याला सांगा: तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. रंध्याचा जाड भुसा खाली पडतो. पॉलिश पेपर आणि सँडर मारताना उडणारी पीठासारखी धूळ नाकात वर जाऊन बसते, आणि एमडीएफ कापताना ती सगळ्यात बारीक असते. एन-95 मास्क आणि मशीनलाच जोडलेला धूळ ओढणारा पाइप, या दोन गोष्टींवर पैसे घाला.

हिंजवडीहून, वय 27

"मला दोन वर्षांपासून सायनस आहे. दोन्ही नाकं आलटून पालटून बंद होतात, सकाळी शिंका, एसीत बसलं की डोकं जड. इंटरनेटवर वाचल्यापासून झोप नाही. सीटी करून घेऊ का?"

नको. आलटून पालटून बंद होणारं नाक आणि सकाळच्या शिंका ही अ‍ॅलर्जी. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांना विचारून नियमित वापरा. तीन दिवस मारून सोडलेल्या फवाऱ्याला काहीच अर्थ नाही. सायनसचा कॅन्सर वर्षाला लाखात एखाद्याला होतो, त्यातही बहुतेकांची पन्नाशी उलटलेली असते. डोक्या-मानेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा शंभरात तीन ते पाच. झोपायच्या आधी फोन लांब ठेवा.

इस्लामपूरहून एक गृहिणी

"आईच्या नाकात गाठ आहे. डॉक्टर तुकडा काढायचा म्हणतात. आमच्या शेजारच्या आजींचा तुकडा काढला आणि महिन्याभरात सगळीकडे पसरलं. गाठीला हात लावला की ती चवताळते असं सगळेच सांगतात. तुकडा न काढता उपचार होणार नाहीत का?"

शेजारच्या आजींचं दुखणं तुकडा काढण्याच्या आधीच पसरलेलं होतं. तुकडा काढल्यावर नाव कळलं आणि स्कॅन झाले, म्हणून घरच्यांना वाटतं की त्या दिवशी सुरुवात झाली. नाकातल्या गाठीचा तुकडा घेतल्याने कॅन्सर अंगभर पसरत नाही.

उपचार न होण्याचं म्हणाल, तर खरंच होत नाहीत. या छोट्याशा जागेत उगवणाऱ्या गाठींचे प्रकार इतके आहेत की नुसतं बघून कोणीही नाव सांगू शकत नाही. आवरणातून उगवणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सगळ्यात नेहमीचा. लाळेसारख्या ग्रंथींतून उगवणारा एक प्रकार आहे, तो नसेच्या कडेकडेने सरकत जातो आणि वर्षानुवर्षांनी परत डोकं काढतो. वास घेणाऱ्या नसेपासून उगवणारी गाठ वेगळी. तिळासारखा काळा मेलानोमा नाकातही होतो. लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, असेल तर मोठ्या ऑपरेशनची गरजच नसते, औषधं आणि किरणं (रेडिएशन) यांवर उपचार होतात. विचार करा, लिम्फोमाच्या बाईचा जबडा कोणी तुकडा न बघता काढला तर?

एका गोष्टीत मात्र तुमची भीती योग्य दिशेला आहे. तुकडा घाईने, स्कॅनच्या आधी घेऊ नये. काही गाठी रक्ताने भरलेल्या असतात; वयात येणाऱ्या मुलांच्या नाकात मागे होणारी एक गाठ तर अशी की तिला चिमटा लावला की रक्त थांबवताना सगळ्यांचा घाम निघतो. कधी नाकात लोंबणारी गाठ म्हणजे कवटीच्या भोकातून खाली आलेलं मेंदूचं आवरण असतं. म्हणून आधी स्कॅन, मग तुकडा. हा क्रम डॉक्टरांना जरूर विचारा. तपासणीला आठवडा लागतो. पॅथॉलॉजिस्टने जादा रसायनांच्या चाचण्या सांगितल्या तर आणखी काही दिवस जातील आणि थोडे पैसेही. त्या चाचण्या टाळू नका, वरच्या प्रकारांतला नेमका कुठला ते त्यांवरूनच ठरतं. आणि तुकडा ज्यात जपलेला असतो तो मेणाचा ठोकळा आणि त्याच्या कापांच्या काचा लॅबकडून मागून घरी जपून ठेवा. दुसरं मत घ्यायला मोठ्या रुग्णालयात गेलात तर कागदाच्या रिपोर्टआधी त्या मागतात.

सोलापूरहून एक मुलगी

"माझे अण्णा 62 वर्षांचे. आमची पिठाची गिरणी आहे. उजव्या गालाच्या सायनसचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, रिपोर्टवर टी-4-ए, एन-0 लिहिलंय. सर्जन म्हणाले, वरचा जबडा काढावा लागेल, डोळ्याचं ऑपरेशनमध्येच ठरेल, नंतर किरणं. काका म्हणतात चौथी स्टेज आहे, आता कापाकापी करून त्यांचे हाल करू नका. अण्णा काहीच बोलत नाहीत, फक्त एकदा म्हणाले, तोंड असं घेऊन गिरणीत कसा बसू?"

काकांचं प्रेम कळतं, पण त्यांनी फक्त 4 हा आकडा वाचला, त्याच्या पुढचं अक्षर वाचलं नाही. या जागी टी-4-ए म्हणजे गाठ आजूबाजूला गेली आहे, पण काढता येण्यासारखी आहे. मेंदूत, मेंदूच्या आवरणात किंवा डोळ्याच्या अगदी मागच्या टोकाला गेली तर त्याला बी म्हणतात. तिथे ऑपरेशनचा विचार खूप अवघड होतो. एन-0 म्हणजे मानेतल्या गाठींत काही नाही, आणि ही खरोखर चांगली गोष्ट आहे. सर्जन तुम्हाला ऑपरेशन सांगतायत याचा अर्थच असा की त्यांना बरं करण्याची वाट दिसते आहे.

किती आशा, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पत्राच्या मागे तो प्रश्न आहेच. सगळ्या टप्प्यांचे रुग्ण एकत्र धरले तर पाच वर्षांनी साधारण निम्म्याच्या आसपास हयात असतात. पुढे गेलेल्या गाठीत त्याहून कमी, लवकर सापडलेल्यांत बरेच जास्त. 1933 साली स्वीडनच्या ओन्ग्रेन नावाच्या डॉक्टरांनी एक सोपी खूण सांगितली, ती अजून उपयोगी पडते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून खालच्या जबड्याच्या मागच्या कोनापर्यंत मनात एक रेघ ओढायची. गाठ रेघेच्या खाली-पुढे असेल तर ती लवकर लक्षात येते आणि पूर्ण निघण्याची शक्यता जास्त. वर-मागे असेल तर डोळा आणि मेंदू जवळ. अण्णांची गाठ रेघेच्या कुठल्या बाजूला आहे, हे सर्जनना स्कॅन समोर धरून दाखवायला सांगा. हा प्रश्न विचारणाऱ्या घरच्यांशी डॉक्टर जरा सविस्तर बोलतात असा माझा अनुभव आहे.

डोळा. गाठ डोळ्याच्या खोबणीच्या हाडापर्यंत आली म्हणजे डोळा जातोच असं नाही. हाडाच्या आत डोळ्याभोवती एक चिवट पडदा असतो. गाठ त्या पडद्याच्या अलीकडे असेल तर बहुतेक वेळा डोळा वाचवता येतो. पडदा ओलांडून आतल्या चरबीत, स्नायूंत शिरली असेल तर नाही. स्कॅनवर हे कधी कधी सीमेवर दिसतं, म्हणून सर्जन "ऑपरेशनमध्येच ठरेल" म्हणाले. ते टाळाटाळ करत नाहीयेत. काही ठिकाणी डोळा किंवा मेंदू जवळ असलेल्या गाठीला आधी केमोथेरपी देऊन लहान करून बघतात. अण्णांना ते लागू होतं का, हे ट्यूमर बोर्डात, म्हणजे सर्जन, किरणांचे डॉक्टर, औषधांचे डॉक्टर सगळे एकत्र बसतात त्या बैठकीत ठरावं. अण्णांची फाईल त्या बैठकीत गेली का, एवढंच विचारा.

तोंड आणि जेवण. छेद नाकाच्या कडेने, वरच्या ओठाच्या मधून असा घेतात, आणि चेहऱ्याच्या नैसर्गिक घड्यांमध्ये तो बराच लपतो. गाठ लहान असेल तर काही ठिकाणी बाहेरून छेदच न घेता दुर्बिणीने काम होतं, अण्णांच्या बाबतीत बहुधा नाही. टाळूचा तुकडा निघाला की तोंड आणि नाक यांच्यात मोठं भगदाड पडतं. चहा प्यायला तर नाकातून येतो, बोलणं गेंगाणं होतं. यावर दोन उपाय. एक, पायाच्या नडगीशेजारचं बारीक हाड किंवा मांडीचं मांस रक्तवाहिन्यांसकट आणून जागा भरायची. हे तासन्‌तास चालणारं ऑपरेशन आहे. दुसरा, कवळीसारखी बनवलेली झाकणी, तिला ऑब्च्युरेटर म्हणतात. कृत्रिम दात बसवणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधीच अण्णांच्या तोंडाचा साचा घेऊन ठेवला तर ऑपरेशन संपता संपता पहिली झाकणी बसते आणि माणूस शुद्धीवर येतो तो तोंडात भगदाड नसल्यासारखा. त्यानंतर जखम जशी आवळते तशी झाकणी बदलत जातात, पक्की काही महिन्यांनी. साचा आधी घेतला नाही तर सुरुवातीचे आठवडे फार वाईट जातात. सर्जनना विचारायच्या प्रश्नांच्या यादीत हे सगळ्यात वर लिहा.

गिरणीत बसण्याबद्दल. झाकणी लावलेला माणूस ज्वारी-गव्हाचे भाव सांगतो, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतो, फोनवर बोलतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. अण्णांना असा एखादा माणूस प्रत्यक्ष भेटवा. तुमच्या सर्जनकडे अशा जुन्या रुग्णांचे पत्ते असतात. माझ्या दहा वाक्यांपेक्षा तो माणूस समोर बसून भाकरी खाईल ते जास्त पटेल. पिठाच्या धुळीत मात्र ऑपरेशननंतर बसू नये, आत खपल्या वाढतात. गल्ल्यावर बसावं, जात्याजवळ नको.

ऑपरेशननंतर जखम भरली की सहा आठवड्यांच्या आत किरणं सुरू झालेली बरी. आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे. रिपोर्टवर काही धोक्याच्या खुणा असतील तर बरोबर सिस्प्लॅटिन नावाचं केमोथेरपीचं औषध देतात. किरणांच्या आधी दातांची तपासणी झालीच पाहिजे. जे दात काढायचे ते आधी काढून जखम भरू द्यायची. काही अवघड जागांसाठी प्रोटॉन किरणांचा उपयोग होतो आणि खारघरला टाटाच्या केंद्रात ती सोय आहे, पण सगळ्यांना त्याची गरज नसते. त्यासाठी ताटकळत बसण्यापेक्षा वेळेवर मिळणारी नेहमीची आधुनिक किरणं चांगली. तुम्हाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयही जवळ आहे. रोज जा-ये करायची असेल तर हा विचार करा.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट व्हायच्या आधी जा, नंतर नाही. झाकणी योजनेत बसते का, हे तिथेच आधी विचारून घ्या.

पुण्याहून एक निवृत्त शिक्षक

"तुमच्या शास्त्रात नाकाला दुर्बीण आहे, आमच्यात जलनेती आणि नस्य आहे. मी अणुतेलाचं नस्य वीस वर्षं करतो, सर्दी माहीत नाही. गाठ झालेल्या माणसाने नस्य केलं तर काय बिघडलं?"

सर, मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणं आम्हीही रोज लिहून देतो, विशेषतः ऑपरेशननंतर. पाणी मात्र उकळून गार केलेलं घ्या, नळाचं थेट नको. तुमच्या नस्याशीही, म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब सोडण्याशीही, माझं भांडण नाही.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. नस्याने नाक थोडं मोकळं होतं, बरं वाटतं, आणि माणूस आणखी दोन महिने काढतो. गोळ्यांनीही अगदी हेच होतं. अँटिबायोटिकने गाठीवरचा संसर्ग कमी झाला की रक्ताचं पाणी थांबतं आणि सगळे म्हणतात, बघा, उतार पडला. म्हणून माझा हिशेब असा: एकाच बाजूचं नाक, कुठलाही उपचार चालू असला, कुठल्याही पॅथीचा, तीन आठवड्यांत पूर्ण सुटलं नाही, तर दुर्बिणीने बघायचं. नस्य चालू ठेवून बघा हवं तर. तुमचे विद्यार्थी तुमचं ऐकत असतील, त्यांना एवढं सांगा.

नांदेडहून

"2021 मध्ये कोरोनानंतर माझ्या नवऱ्याला काळी बुरशी झाली. अर्धा टाळू आणि वरचे दात काढले. आता झाकणी लावतात. बुरशीचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होतं का?"

होत नाही. दोन्हीत वरचा जबडा काढावा लागतो, म्हणून लोक एकत्र बोलतात. काळी बुरशी साखर वाढलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या माणसात काही दिवसांत वाढते, कॅन्सर महिन्यांत. त्या उन्हाळ्यात एक गोष्ट मात्र झाली: गाल बधीर झाला, दात हलला, डोळा सुजला तर नाकाच्या डॉक्टरकडे पळायचं, हे सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ झालं. कॅन्सरची लक्षणंही जवळजवळ तीच आहेत, आणि ती आता लोक विसरलेत.

तुमच्या मिस्टरांची साखर ताब्यात ठेवा, झाकणी रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवा. आत नवा व्रण, न थांबणारं रक्त किंवा वाढणारं मांस दिसलं तर दाखवा, तेही नेहमीच्या तपासणीत कळेलच.

नाशिकहून, वय 45

"उजव्या नाकातली मांसवाढ काढली. रिपोर्टमध्ये इन्व्हर्टेड पॅपिलोमा आलं. डॉक्टर म्हणाले कॅन्सर नाही, पण सारखं दाखवत राहा. कॅन्सर नाही तर का दाखवायचं?"

कारण ती साधी मांसवाढ नाही. कॅन्सर नसला तरी ती हाड खात पसरते, अर्धवट काढली की परत येते, आणि शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांमध्ये तिच्यातच कॅन्सर सापडतो किंवा पुढे होतो. ती जिथून उगवली ते मूळ हाडासकट खरवडून काढलं का, हे ऑपरेशनच्या कागदावर बघा. लिहिलेलं नसेल तर विचारा. त्यानंतर वर्षानुवर्षं, अधूनमधून दुर्बीण.

तुमच्या डॉक्टरांनी काढलेलं सगळं मांस तपासायला पाठवलं, हे बरं झालं. मांसवाढ काढून "साधीच होती" म्हणून बादलीत टाकण्याची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही, आणि याचा मला राग येतो. ऑपरेशनच्या आधी नातेवाइकांनी एवढंच म्हणावं: बाटलीत घालून आमच्या हातात द्या, आम्ही लॅबला नेतो.

कोल्हापूरहून, वय 50

"दोन वर्षांपूर्वी सायनसच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि 30 लाईट झाल्या. आजार नाही म्हणतात. पण नाकात खपल्या, तोंड कोरडं, आणि तोंड फक्त दोन बोटं उघडतं. त्यात खालची दाढ किडली. दातांचे डॉक्टर काढूया म्हणतात."

दाढेला हात लावू नका. तुम्हाला जिथे लाईट, म्हणजे किरणं, दिल्या तिथल्या डॉक्टरांना आधी फोन करा आणि त्या दाढेच्या हाडावर किती किरणं पडली होती ते विचारा. किरणं लागलेल्या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो. तिथला दात काढला की जखम भरत नाही आणि हाड सडायला लागतं. तुमच्या दातांच्या डॉक्टरांना "लाईट घेतल्यात" हे पहिल्या वाक्यात सांगा. पुष्कळ वेळा मुळाचा उपचार (रूट कॅनाल) करून दात ठेवता येतो. काढावाच लागला तर ज्यांना या कामाची सवय आहे अशा ठिकाणी. यापुढे झोपताना फ्लोराइडची पेस्ट, आणि सुपारी, तंबाखू, बिडी काहीच नको.

तोंड उघडण्यासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या आणा. समोरच्या दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्यांची चळत घाला, अर्धं मिनिट धरा, मग मधोमध एक काडी सरकवा. दिवसातून चार-पाच वेळा. दोन वर्षं झाल्यावर फरक हळू पडतो, तरी एखाद-दोन काड्या वाढतात आणि तेवढ्याने घास नीट जातो. अचानक काड्या कमी झाल्या तर मात्र ठरलेल्या तारखेची वाट न बघता दाखवायला जा. मागच्या बाजूला परत काही उगवत असेल तर कधी कधी पहिली खूण तीच असते.

खपल्या चिमट्याने ओढू नका, रक्त येतं. मिठाचं पाणी सकाळ-संध्याकाळ, मग दोन थेंब नाकाचं तेलकट औषध, ते तुमचे डॉक्टर लिहून देतील. कोरड्या तोंडाला घोटघोट पाणी, आणि भाकरी आमटीत कुस्करून. त्या बाजूच्या डोळ्यात खुपतंय किंवा दिसायला धूसर झालंय का, याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. डोळा किरणांच्या वाटेत असेल तर तो कोरडा होतो, मोतीबिंदू लवकर येतो. पुढच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांचीही चिठ्ठी मागून घ्या.